नेपाळ दाखवताय, तर एक देश म्हणून दाखवा: मराठी सहल संस्थांना खुले पत्र

नेपाळच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांचे चालक आणि बसमध्ये माइक हातात घेऊन उभे राहणारे टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही महाराष्ट्राच्या गावागावांतून माणसं नेपाळला नेता. पशुपतिनाथ, मनोकामना, पोखरा, मुक्तिनाथ, जमलं तर लुंबिनी, असा ठरलेला फेरा असतो. बरोबर आपला आचारी असतो, त्यामुळे सकाळी पोहे आणि रात्री पिठलं-भात चुकत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना तुम्ही मुक्तिनाथच्या बोचऱ्या वाऱ्यात हाताला धरून वर नेता आणि सुखरूप खाली आणता. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. माझी तक्रार तुमच्या व्यवस्थेबद्दल नाहीच. बसमध्ये जे सांगितलं जातं, त्याबद्दल आहे.

सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडली की माइक सुरू होतो. "नेपाळ हे जगातलं एकमेव हिंदू राष्ट्र." "पूर्वी हा सगळा भारतच होता." "बुद्ध तसे आपलेच." "इथली माणसं फार भोळी." ही वाक्यं मी बसमध्ये ऐकली आहेत, आणि हीच वाक्यं वेगवेगळ्या संस्थांच्या माहितीपत्रकांत छापलेलीही वाचली आहेत. घरी परतलेला प्रवासी तीच चार लोकांना सांगतो. नेपाळबद्दल मराठी घरात जे काही माहीत असतं, त्यातला मोठा वाटा अशा सहलींतून आलेला आहे. म्हणून हे पत्र कुठल्या विद्यापीठाला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते सगळ्यांत जास्त ऐकू येतं. नेपाळच्या संसदेनं १८ मे २००६ रोजी देश धर्मनिरपेक्ष असल्याचं जाहीर केलं. २८ मे २००८ला संविधान सभेनं राजेशाही संपवली आणि प्रजासत्ताक आलं. २० सप्टेंबर २०१५ला लागू झालेल्या संविधानातही धर्मनिरपेक्ष हा शब्द आहे. म्हणजे तुमच्या बसमधली शाळकरी मुलं जन्मायच्या आधीच ते बिरुद गेलेलं आहे. बरं, ते फार प्राचीन होतं असंही नाही. राजा महेंद्रनं निवडून आलेलं सरकार बरखास्त करून १९६२मध्ये जे संविधान दिलं, त्यात नेपाळ हे हिंदू राज्य असल्याचं कलम आलं. राजा आणि हिंदू राष्ट्र परत आणा म्हणणारे लोक तिथे आजही आहेत. मार्च २०२५मध्ये काठमांडूत त्यांच्या निदर्शनांना हिंसक वळण लागलं आणि माणसं दगावली. तो वाद नेपाळी लोकांचा आहे, ते तो आपापसात घालतील. आपण बाहेरून जाऊन एका बाजूची घोषणा माइकवरून देऊ नये.

आणि हिंदू म्हणून जे काही आपण तिथे बघायला जातो, ते तरी किती वेगळं आहे! काठमांडूच्या कुमारी घरात आपला जथा चौकात उभा राहून वरच्या कोरीव खिडकीकडे डोळे लावतो. मुलगी क्षणभर दिसते, सगळे हात जोडतात, की "चला चला, पुढे शॉपिंग आहे". ती मुलगी शाक्य कुटुंबातली असते, म्हणजे बौद्ध घरातली. तिच्यात वास मानला जातो तो तळेजू देवीचा, काठमांडू खोऱ्यावर पूर्वी राज्य करणाऱ्या मल्ल राजांच्या कुलदेवतेचा. तिच्यापुढे हिंदू राजे झुकत आले आणि इंद्रजात्रेत तिच्या हातून टिळा लावून घेत आले.

१७६८ सालच्या इंद्रजात्रेची गोष्ट तर तुम्ही त्या चौकातच सांगायला हवी. गोरखा नावाच्या छोट्या डोंगरी राज्याचा राजा पृथ्वीनारायण शाह तेव्हा कित्येक वर्षं काठमांडूच्या खोऱ्याभोवती फास आवळत होता. त्यानं १७४४मध्ये नुवाकोट घेतलं होतं आणि तिबेटशी चालणारा व्यापार तोडला होता. कीर्तिपूरवर त्यानं तीनदा हल्ला केला. पहिल्या हल्ल्यात त्याचा सेनापती काळू पांडे पडला, दुसऱ्यात त्याच्या भावाचा डोळा गेला, आणि १७६६मध्ये गाव हाती आल्यावर तिथल्या लोकांची नाकं कापली गेली. ही हकीकत त्या काळी खोऱ्यात असलेल्या एका ख्रिस्ती पाद्र्यानं लिहून ठेवली आहे, आणि कीर्तिपूरचे नेवार, म्हणजे खोऱ्यातले मूळ रहिवासी, ती अजून विसरलेले नाहीत. पुढच्याच वर्षी मल्ल राजाच्या मदतीला निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची पलटण त्यानं सिंधुलीच्या जंगलात उधळून लावली. आणि मग इंद्रजात्रेच्या दिवशी, शहर उत्सवात दंग असताना, त्याची फौज काठमांडूत शिरली. काठमांडूचा राजा जयप्रकाश मल्ल पाटणला पळाला. पृथ्वीनारायण कुमारीपुढे गेला, टिळा लावून घेतला आणि जात्रा पुढे चालू ठेवायला सांगितली. पुढच्या वर्षभरात पाटण आणि भक्तपूरही पडलं.

त्यानंतर २४० वर्षं शाह घराणं राहिलं. आता कुमारीच्या हातचा टिळा लोकनियुक्त राष्ट्रपती लावून घेतात. राजा गेला, देवी आणि जात्रा मात्र तशीच आहे. माझ्या मते नेपाळचा इतिहास समजून घ्यायला त्या चौकासारखी दुसरी जागा नाही, आणि आपण तिथे पाच मिनिटं देतो.

पाटणची तर त्याहून आबाळ. (आपल्या साताऱ्याकडचं पाटण नव्हे, काठमांडूला लागून असलेलं, ज्याला ललितपूरही म्हणतात ते.) यक्ष मल्ल १४८२मध्ये गेल्यावर खोऱ्यात काठमांडू, पाटण आणि भक्तपूर अशी तीन राज्यं झाली. हाकेच्या अंतरावरची तीन राज्यं, तिघांत सतत चुरस. एकानं देऊळ बांधलं की दुसऱ्यानं त्याहून उंच बांधायचं. सिद्धिनरसिंह मल्लानं १६३७मध्ये पाटणला अख्खं दगडी कृष्ण मंदिर उभारलं, भूपतींद्र मल्लानं १७०२मध्ये भक्तपूरला पाच छपरांचं न्यातपोल. काठमांडूच्या प्रताप मल्लानं तर हनुमान ढोका राजवाड्याच्या भिंतीवर अनेक भाषा आणि लिप्या एकत्र करून शिलालेख कोरवला. हे सगळं नेवार लोकांच्या हातचं काम. खिडकीच्या चौकटीवरचा मोर असो की तोरणावरचा गरुड, तो कोरणाऱ्या घराण्यांचे वंशज अजून त्याच गल्ल्यांत लाकूड आणि पितळ घडवत बसलेले दिसतात. यांचाच एक पूर्वज अर्निको तेराव्या शतकात कुब्लाई खानाच्या दरबारात गेला. त्यानं बांधलेला पांढरा स्तूप बीजिंगमध्ये आजही उभा आहे.

पाटणच्या चौकात उतरत्या पायऱ्यांची एक हिटी आहे, जमिनीच्या पातळीखाली बांधलेली, दगडी मकरमुखांतून पाणी येणारी. तिचं मूळ मल्लांच्याही आधीच्या लिच्छवी राजांच्या काळात जातं. मी तिथे उभा होतो तेव्हा बायका प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरत होत्या. एकीनं भरून झाल्यावर ओंजळभर पाणी मकराच्या डोक्यावर ओतलं, बोटानं त्याच्या कपाळी कुंकू टेकवलं आणि कॅन उचलून ती चालू लागली. आमच्या जथ्यातले निम्मे लोक तेव्हा पश्मिन्याच्या दुकानात होते, कारण कार्यक्रमात पाटणला तेवढाच वेळ होता.

याच गावात रातो मच्छिंद्रनाथ आहेत. इथे मराठी माणसाचं खरोखरीचं काही गुंतलेलं आहे. निवृत्तिनाथांचे गुरू गहिनीनाथ, त्यांचे गोरक्षनाथ आणि त्यांचे मच्छिंद्रनाथ, ही परंपरा ज्ञानदेवांनी स्वतः ज्ञानेश्वरीच्या शेवटी सांगितली आहे. तुमच्या बसमध्ये हरिपाठ म्हणणारी मंडळी असतात. त्यांना कुणी सांगतच नाही की इथे मच्छिंद्रनाथांचा रथ दर वर्षी वैशाखात निघतो. लाकूड आणि वेतानं बांधलेला तो रथ सुमारे ६० फूट उंच असतो, डुलत डुलत चालतो आणि शेकडो माणसं दोर ओढत असतात. गोरखनाथ नागांना आसनाखाली दाबून बसले म्हणून बारा वर्षं पाऊस पडला नाही, मग राजा नरेंद्रदेव, एक तांत्रिक आचार्य आणि एक शेतकरी अशा तिघांनी कामरूपातून, म्हणजे आसामातून, मच्छिंद्रनाथांना आणलं, गुरू आलेले पाहून गोरखनाथ उठले आणि पाऊस आला, अशी तिथली कथा आहे. आजही हा देव पावसाचा.

पण हे सांगताना "म्हणजे हा आपलाच देव" असं मात्र म्हणू नका. बुंगमती गावचा हा मूळ स्थानिक देव बुंगद्यः, बौद्धांचा करुणामय अवलोकितेश्वर, आणि पुढे त्यालाच मच्छिंद्रनाथ हे नाव मिळालं. त्याचे पुजारी बौद्ध आहेत. एकाच मूर्तीपुढे तिन्ही भाव शेकडो वर्षं नांदले, यात कुणी कुणाला "तुम्ही मूळचे आमचे" म्हटलं नाही. मुक्तिनाथला १०८ धारांखाली आपण काकडत अंघोळ करतो, तिथेही ज्वालामाईची ज्योत बौद्ध भिक्षुणी सांभाळतात. तिबेटी बौद्धांचं ते तितकंच मोठं तीर्थ आहे. धारांखालून बाहेर आलेल्या माणसाला टॉवेल देताना हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो?

चांगुनारायण बहुतेक सहलींत नसतंच. भक्तपूरच्या वरच्या टेकडीवर हे देऊळ आहे आणि समोर मानदेव राजाचा शिलास्तंभ आहे, शके ३८६चा, म्हणजे इसवी सन ४६४चा. खोऱ्यातल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक. त्यात लढायांच्या आधी एक घरगुती प्रसंग कोरला आहे. राजा धर्मदेव अचानक वारला. राणी राज्यवती सती जायला निघाली. मुलगा रडत तिला म्हणाला, तू गेलीस तर मी जगून काय करू, त्याआधी मीच प्राण सोडतो. आणि ती थांबली. राजाच्या पराक्रमाच्या लेखात आईला चितेवरून परत आणल्याची गोष्ट यावी, हे वाचून मी त्या खांबापाशी बराच वेळ उभा राहिलो. तिथल्या राणा राज्यकर्त्यांनी सतीप्रथा कायद्यानं बंद केली ती १९२०मध्ये.

आता दुसरं वाक्य, "पूर्वी हा सगळा भारतच होता". इंग्रजांशी नेपाळ १८१४ ते १८१६ लढला. देहरादूनजवळच्या नालापानीच्या गढीत बलभद्र कुंवर मूठभर माणसं आणि बायकामुलांसह असा झुंजला की इंग्रजांचा सेनापती जिलेस्पी तिथेच पडला. गढी अखेर गेली, पण इंग्रजांनी तिथे आपल्या माणसांबरोबर शत्रूच्या शौर्याचंही स्मारक बांधलं. सुगौलीच्या तहात नेपाळनं कुमाऊं, गढवाल, सिक्कीमकडचा भाग आणि तराईचा, म्हणजे डोंगराखालच्या सपाट प्रदेशाचा, मोठा पट्टा गमावला. जवळजवळ एक तृतीयांश मुलूख गेला, काठमांडूत इंग्रज रेसिडेंट येऊन बसला, तरी देश वसाहत झाला नाही. १९२३च्या करारात ब्रिटननं त्याचं स्वातंत्र्य लेखी मान्य केलं. दोन शिळांमध्ये अडकलेला कंद अशी आपल्या राज्याची उपमा पृथ्वीनारायण शाहनं दिली होती. एक शिळा चीन, दुसरी दक्षिणेकडची. शिळेनं कंदाला "तू माझाच तुकडा" म्हटलं तर त्याला कसं वाटेल, याचा विचार माइक हातात असताना करा.

आपले त्या देशाशी खरे संबंध आहेत, ते सांगा ना. १८५७चा उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवे आणि बेगम हजरत महल नेपाळच्या तराईत शिरले. नानासाहेबांच्या कुटुंबातल्या स्त्रियांना नेपाळनं आसरा दिला. बेगम १८७९मध्ये काठमांडूत वारल्या, त्यांची कबर तिथे आहे. गंमत नव्हे, दुःख असं की आसरा देणारा नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणा स्वतः फौज घेऊन लखनौला इंग्रजांच्या मदतीला गेला होता. त्याची बक्षिशी म्हणून इंग्रजांनी १८६०मध्ये तराईचे बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हे भाग नेपाळला परत दिले. आमच्या रत्नागिरीकडे आंब्याच्या बागा राखणारे, फवारणी-काढणी करणारे, मच्छिमार बोटींवर खलाशी असलेले नेपाळी लोक येतात, त्यांतले पुष्कळसे देशाच्या याच सुदूर पश्चिम भागातले असतात. कुणी कैलालीचा, कुणी अछाम-बाजुऱ्याचा. म्हणजे आमच्या बागेत राबणाऱ्या कैलालीच्या माणसाचं गाव नकाशावर कुठे यायचं, हे लखनौच्या वेढ्यात ठरलं. आम्ही त्याला हंगाम संपेपर्यंत गाव विचारत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकमान्यांच्या गोटातून कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर नेपाळात गेले होते. वरकरणी कौलांचा कारखाना, आत बेत शस्त्रांचा. तो फसला. पुढे १९४३मध्ये भूमिगत असलेले जयप्रकाश नारायण आणि राम मनोहर लोहिया नेपाळात पकडले गेले, तेव्हा हनुमाननगरच्या कोठडीतून त्यांना सोडवण्यात नेपाळी माणसांनी जिवाची पर्वा केली नाही. त्यातल्या अनेकांना नंतर राणांच्या तुरुंगात खितपत पडावं लागलं. भारताच्या स्वातंत्र्यासाठी नेपाळी लोक तुरुंगात गेले, हे वाक्य मी तुमच्या बसमध्ये ऐकायला आसुसलेला आहे.

राणा राजवटीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथल्या पांढऱ्या राजवाड्यांसमोर फोटो काढताना ते आलिशान जगणं तेवढं सांगितलं जातं. सप्टेंबर १८४६मध्ये कोत नावाच्या शस्त्रागाराच्या अंगणात जंगबहादूरनं दरबारातले विरोधक कापून काढले आणि पुढची १०४ वर्षं पंतप्रधानपद त्याच्या घराण्यात वारशानं चाललं. राजा राजवाड्यात नावापुरता. १८५४च्या मुलुकी ऐन या कायद्यात अख्खा देश जातींच्या उतरंडीत बसवला गेला. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या हातचं चालत नाही, हे सरकारी कायद्यात लिहिलं गेलं आणि एकाच गुन्ह्याला जातीनुसार वेगळी शिक्षा ठरली. तो कायदा बदलला १९६३मध्ये. शाळा काढणं, वाचनालय काढणं यासुद्धा संशयाच्या गोष्टी होत्या. १९४१मध्ये शुक्रराज शास्त्री, धर्मभक्त माथेमा, दशरथ चंद आणि गंगालाल श्रेष्ठ या चौघांना राणांनी मारलं. कुणाला फासावर दिलं, कुणाला गोळी घातली. कवी चित्तधर हृदय यांना नेवारी भाषेत कविता लिहिली म्हणून पाच वर्षं तुरुंगात ठेवलं. आत त्यांनी लपूनछपून बुद्धचरित्रावर महाकाव्य लिहिलं. मातृभाषेत लिहिणं हा गुन्हा, असा तो काळ. पुढे महेंद्रच्या, राजकीय पक्षांना बंदी असलेल्या पंचायत राजवटीची घोषणाही "एक भाषा, एक भेष, एक देश" अशीच होती. आज २०२१च्या जनगणनेत १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या आहेत आणि नेपाळी मातृभाषा असणारे सुमारे ४५ टक्केच आहेत. त्या आकड्यामागे असे तुरुंग आहेत.

बौद्ध भिक्षूंनाही राणांनी १९२६मध्ये आणि १९४४मध्ये देशाबाहेर हाकललं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण राणा राजवट १९५१मध्ये पडल्यावर अवघ्या पाच वर्षांनी त्याच काठमांडूत जागतिक बौद्ध परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरची दीक्षा, नोव्हेंबरमध्ये काठमांडूचं बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावरचं भाषण, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. महाराष्ट्रातून जाणाऱ्या सहलीत ही गोष्ट सांगितली जात नसेल, तर आणखी कुठे सांगणार? विदर्भ-मराठवाड्यातून लुंबिनीसाठी म्हणून येणारे प्रवासी तुमच्याच बसमध्ये असतात. त्यांच्यासमोर "बुद्ध तसे आपलेच" म्हणायचं आणि लुंबिनीला अर्धा तास द्यायचा, हे मला सहन होत नाही. अशोकाचा स्तंभ तिथे आहे. इथे बुद्ध जन्मले असं त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलं आहे आणि त्याबद्दल गावाचा कर कमी करून आठव्या हिश्श्यावर आणल्याचंही लिहिलं आहे. १८९६मध्ये तो लेख उजेडात आला. ती जागा नेपाळमध्ये आहे. एवढं सरळ सांगितलं की पुरतं.

आणि शेवटी ते "भोळी माणसं". या भोळ्या माणसांनी पाऊणशे वर्षांत सत्ता किती वेळा उलथवली बघा. १९५१मध्ये राणा गेले. १९५९मध्ये पहिली निवडणूक होऊन विश्वेश्वरप्रसाद कोइराला पंतप्रधान झाले, दीड वर्षात राजानं त्यांना पकडून आठ वर्षं डांबलं. १९९०च्या जनआंदोलनानं पंचायत संपवली. १९९६ ते २००६ माओवादी युद्धात सुमारे १७,००० माणसं मेली. २००६च्या एप्रिलमध्ये १९ दिवस लोक रस्त्यावर होते, मग राजा झुकला. नारायणहिटी राजवाड्यापाशी तुम्ही १ जून २००१च्या राजघराण्याच्या हत्याकांडाची कथा मसाला लावून सांगता. त्याच दशकात डोंगरातल्या गावांत मेलेल्या हजारोंबद्दल एक शब्द निघत नाही. प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्रपती रामवरण यादव मधेशी होते, म्हणजे ज्या तराईतल्या लोकांना काठमांडूनं कायम अर्धे परके मानलं, त्यांच्यातले. हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

२०१५च्या एप्रिलमध्ये भूकंपात सुमारे ९,००० माणसं गेली. भारतानं तातडीनं मदत पाठवली, ती तिथले लोक मानतात. पण त्याच सप्टेंबरमध्ये संविधान आलं, मधेशींनी त्याविरुद्ध सीमेवर ठाण मांडलं आणि पुढचे काही महिने भारतातून इंधन, गॅस आणि औषधं जाणं जवळपास थांबलं. भारतानं नाकेबंदी केल्याचं कधी मान्य केलं नाही. नेपाळी माणूस मात्र तिला नाकेबंदीच म्हणतो. भूकंपात घर पडलेलं, हिवाळा तोंडावर, आणि चुलीला गॅस नाही. तुमच्या बसचा नेपाळी चालक, हॉटेलात चहा देणारा मुलगा, सगळे त्यातून गेलेले आहेत. त्यांना हिंदी नीट समजतं. "नेपाळ म्हणजे आपला धाकटा भाऊ" हे माइकवरचं वाक्य त्यांच्या कानावर पडतं, तेव्हा ते गप्प बसतात.

सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्रातले पर्यटकही तिथे अडकले होते. समाजमाध्यमांवरची बंदी आणि भ्रष्टाचार यांविरुद्ध ८ तारखेला तरुण पोरं रस्त्यावर उतरली, त्या एका दिवसात १९ जणांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद, सर्वोच्च न्यायालय आणि चंद्रशमशेर राणानं बांधलेला सिंहदरबार जळाला. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की पंतप्रधान झाल्या, नेपाळच्या पहिल्या महिला पंतप्रधान. बळींचा आकडा सत्तरीच्या वर गेला. आपल्याकडे तेव्हा चर्चा होती ती विमानं कधी सुरू होतील आणि पैसे परत मिळतील का याची. अडकलेल्यांची काळजी रास्तच होती. पण आता सहली पुन्हा निघतील आणि जळक्या भिंतींवरून बस जाईल, तेव्हा "इथे दंगल झाली" एवढंच सांगू नका.

माझं मागणं फार खर्चाचं नाही. पुढच्या हंगामाच्या माहितीपत्रकातून ते हिंदू राष्ट्राचं वाक्य काढून टाका. पाटण आणि भक्तपूरला मिळून एक पूर्ण दिवस द्या. तिथे वेगळं तिकीट पडतं, ते सहलीच्या रकमेत धरा, कुणी कुरकुर करणार नाही. त्या दिवशी माइक स्थानिक परवानाधारक मार्गदर्शकाकडे द्या, शक्यतो नेवार. मराठीत भाषांतर तुमचा माणूस करेल. लुंबिनीला किमान अर्धा दिवस ठेवा आणि काठमांडूत बाबासाहेबांच्या १९५६च्या भाषणाची माहिती द्या. चांगुनारायणला वर जाणाऱ्या रस्त्यावर लहान गाड्या नीट जातात. शॉपिंगचा एक थांबा कमी केलात तर त्यातच हे बसेल.

दुकानांच्या कमिशनवर टूर मॅनेजरचा पगार किती अवलंबून असतो, हे मला ठाऊक आहे. त्याचा तोटा होणार असेल तर सहलीचा दर थोडा वाढवा आणि तसं स्पष्ट लिहा. माझ्या ओळखीतले कितीतरी लोक तो देतील. ज्या संस्था हे करायला तयार असतील, त्यांना प्रवाशांसाठी वीस-पंचवीस पानी टिपण मराठीत तयार करून देण्याची माझी तयारी आहे, विनामोबदला. तपासायला ते एखाद्या नेपाळी अभ्यासकाला दाखवा आणि मगच छापा.

आपला,
रत्नागिरीचा एक प्रवासी